पोलीस बँड

आमचे मामा २६ मार्च १९८० च्या संध्याकाळी कुलाब्याला पोलीस बँड ऐकायला गेले होते. या वाक्यात आपल्याला काही वावगं दिसणार नाही. मामांनाही दिसलं नव्हतं. म्हणून तर ते मामींना बरोबर घेऊन गेले.

मामा त्या वेळी फोर्टातल्या एका पारशी वकिलाच्या पेढीत कारकून होते. पारशी मालक हा मुंबईतला एक उत्तम प्राणी. पगार वेळेवर देतो, शिव्या त्याच्याही आधी देतो, आणि वर्षातून दोनदा त्याची बायको कसल्यातरी धर्मादाय कामासाठी कचेरीतल्या लोकांच्या गळ्यात तिकिटं मारते. त्या वर्षी बाईंनी मामांच्या टेबलावर दोन तिकिटं ठेवली नि म्हणाल्या, "पोलीसनो परोगराम छे. लेवीज पडसे." पैसे पगारातून कापले जाणार होते, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. मामांनी तिकीट उलटसुलट करून पाहिलं. 'द पोलीस' असं छापलं होतं. मामांना मनापासून आनंद झाला. प्रजासत्ताक दिनाला शिवाजी पार्कवर संचलन बघायला ते दरवर्षी पहाटे उठून जात. त्यातला पोलिसांचा बँड, त्या पांढऱ्या गेटर्स, ते चकचकीत भोंगे, तो दंड फिरवणारा बँडमास्टर, सगळं त्यांना फार आवडे. आता तोच बँड खुर्चीवर बसून, पंख्याखाली ऐकायला मिळणार! मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मामींनी गजरा माळला. यावलहून मुंबईला आल्याला सहा वर्षं झाली होती आणि नाटक सोडून दोघांनी मिळून पाहिलेला हा पहिलाच कार्यक्रम.

नेव्ही नगरच्या टोकाला, टाटांच्या त्या विज्ञानसंस्थेच्या आवारात, होमी भाभा सभागृह आहे. हजारएक माणसं बसतील असं. पुढच्या रांगांत पारशी बायका, साहेबलोक, मागे कॉलेजची केसाळ मुलं. दिवे मालवले. रंगमंचावर तीन गोरे पोरगे आले. तिघांचेही केस पिवळेजर्द. एकाच्या हातात गिटार, एकाच्या हातात मोठी गिटार, तिसरा ढोलांच्या मागे दडून बसलेला. मामी पाच मिनिटं गप्प राहिल्या आणि मग मामांच्या कानाशी लागून त्यांनी विचारलं, "बाकीचे पोलीस केव्हा येतील हो?"

बाकीचे पोलीस आले नाहीत. तेवढेच तिघे होते, आणि त्यांच्यातला कोणीही पोलिसात नव्हता.

ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलीय की ती मला स्वतःला घडल्यासारखी वाटते. वास्तविक माझा जन्म त्यानंतर वर्षभरानं झाला. मामा १९९४ साली मुंबई सोडून यावलला परत आले ते दोन ट्रंका, एक टेपरेकॉर्डर आणि पोलीस बँडची एक कॅसेट घेऊन. कॅसेट त्यांनी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून १९८३ साली घेतली होती. (ते दुकानसुद्धा २०१६ साली बंद झालं.) आमच्या यावलला तेव्हा संगीत म्हणजे लग्नाचा बँड, भजनी मंडळ आणि रात्री केळीच्या मळ्यात इलेक्ट्रिक मोटारीचा घूं-घूं आवाज. आमच्या गावाला राजे निंबाळकरांचा किल्ला आहे, एकेकाळी इथला हातकागद आणि नीळ प्रसिद्ध होती म्हणतात, पण आगगाडी मात्र नाही. गाडी धरायची तर भुसावळ. त्यामुळे जगातली कुठलीही नवी लाट आमच्याकडे भुसावळला उतरून, एस्टी पकडून, तापलेल्या टपावरून यायची, आणि येईपर्यंत जुनी झालेली असायची. ही लाटही तशीच आली. विलायतेत तिला 'न्यू वेव्ह' म्हणत. यावलला पोहोचली तेव्हा तो बँड मोडून दहा वर्षं झाली होती.

मी तेव्हा तेरा वर्षांचा. उन्हाळ्याच्या दुपारी भुसावळकडून पंचेचाळीस अंशांचं वारं यायचं, तेव्हा मामा ओसरीवर ओलं पोतं टांगून टेप लावीत. त्या बँडचा इतिहास ते मला पुराणासारखा सांगत. पुढे पुण्याच्या एका भाच्यानं मला या लोकांची पुस्तकं आणून दिली, तेव्हा कळलं की मामांनी सांगितलेल्यातलं निम्मं खरं होतं. पुराणाच्या मानानं हे प्रमाण चांगलंच म्हणायचं.

तर हकीगत अशी. १९७७ साली लंडनमध्ये स्टुअर्ट कोपलंड नावाच्या एका अमेरिकन ढोलवाल्यानं हा बँड काढला. याचे वडील अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यात, आणि पोरगा वाढला बैरुतला. थोरला भाऊ माइल्स हा व्यवस्थापक, दुसरा भाऊ इयान कार्यक्रमांच्या तारखा ठरवणारा. म्हणजे घरचंच खातं. गाणारा होता गॉर्डन समनर. एका काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या स्वेटरवरून मित्रांनी त्याला 'स्टिंग', म्हणजे गांधीलमाशीची नांगी, असं नाव ठेवलं, ते कायमचं चिकटलं. आमच्याकडे असतं तर 'इच्चू' झालं असतं. या स्टिंगविषयी मला पहिल्यापासून जिव्हाळा आहे, कारण तो आमच्यातला. गाण्याआधी त्यानं बसवर कंडक्टरी केली, इमारतीवर मजुरी केली, टॅक्सच्या कचेरीत खर्डेघाशी केली, आणि पुढे प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. टॅक्सच्या कचेरीतून उठून जो माणूस जगप्रसिद्ध होतो त्याच्याविषयी बँकेच्या कारकुनाला जे वाटतं, ते शब्दांत सांगता येत नाही. त्याला शिस्तबद्ध भाषेत मत्सर म्हणतात.

आधी गिटारवर हेन्री पादोव्हानी म्हणून एक कॉर्सिकन होता. मग अँडी समर्स आला. हा इतर दोघांपेक्षा जवळजवळ दहा वर्षांनी मोठा, बारा बँडांचं पाणी प्यालेला. काही दिवस दोन्ही गिटारवाले एकत्र होते, आणि मग पादोव्हानीला नारळ मिळाला. राहिले तिघे. १९७८ साली च्युइंगमच्या एका जाहिरातीसाठी तिघांना केस पिवळे करावे लागले. जाहिरातीचं पुढे काय झालं कोण जाणे, केस मात्र तसेच राहिले आणि तीच त्यांची ओळख झाली. पहिल्या तबकडीला एकंदर खर्च आला पंधराशे पौंड, तोही बँकेकडून नव्हे, थोरल्या भावाकडून. त्याच वर्षी स्वस्तातली विमानाची तिकिटं काढून हे लोक अमेरिकेत गेले, एका व्हॅनमध्ये सामान घालून लहान लहान क्लबांतून वाजवत हिंडले. कधी ऐकायला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. तेवढ्यांसाठीही पूर्ण वाजवायचे. त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं १९७८ साली बाजारात आलं तेव्हा कोणी विचारलं नाही. तेच पुढच्या वर्षी परत बाजारात आणलं, तर विलायतेत बाराव्या नंबरापर्यंत चढलं. मामा यावर म्हणायचे, "केळीचंही असंच असतं. माल तोच, भाव वेगळा."

मग १९८० साली माइल्सच्या डोक्यात आलं की जिथं असले बँड कधी जात नाहीत तिथं जायचं. जपान, हाँगकाँग झालं, कैरो, अथेन्स व्हायचं होतं, आणि मधे मुंबई. मुंबईत हा कार्यक्रम घेतला टाइम अँड टॅलेंट्स क्लबानं. हा क्लब समाजसेवा करणाऱ्या, बहुतेक पारशी, बायकांचा. विलायतेतली सगळ्यात नवी धांगडधिंग्याची लाट आणि कुलाब्याच्या वयस्क पारशी बायका यांची गाठ परमेश्वरानं त्या एका संध्याकाळी घालून दिली, आणि मधल्या रांगेत आमचे मामा-मामी बसवले.

पुढे काय झालं याच्या आमच्या घरात दोन आवृत्त्या आहेत. मामांची आवृत्ती अशी: आवाज फार मोठा होता, दोन दिवस कानात दडे बसले, पोरं खुर्च्या सोडून पुढे पळाली आणि नाचू लागली, आणि आपण कर्तव्य म्हणून शेवटपर्यंत बसून राहिलो, कारण पैसे पगारातून कापले होते. मामींची आवृत्ती एका शब्दाची आहे. "नाचले."

"मी उभा राहिलो फक्त. पुढचे उठले म्हणून दिसत नव्हतं."

"पाहिलंय मी. दोन्ही हात वर करून."

"टाळ्या वाजवत होतो."

"डोक्याच्या वर टाळ्या कोण वाजवतं हो?"

यावर मामा टेपचा आवाज वाढवतात. एवढं मात्र त्यांनी मला एकदा, मामी घरात नसताना, कबूल केलं. पेढीवर सहा वर्षं साहेबांसमोर मान वर करून बोललेला माणूस नव्हता मी, ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाई पेढीवर आल्या, माझ्याकडे पाहून हसल्या, आणि साहेबांना गुजरातीत काहीतरी म्हणाल्या. त्या दिवसापासून साहेब मला नावानं हाक मारायला लागले. त्याआधी 'ए' म्हणायचे.

आता माझी स्वतःची लाज सांगायची वेळ आली. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, १९९९ साली, आम्ही तिघांनी बेंजो पार्टी काढली. बेंजो मी, ड्रम माझा शाळेतला मित्र, आणि गायला शेजारच्या खेड्यातला एक पोरगा. शिवाय हातगाडी, हातगाडीवर दोन कर्णे आणि जनरेटर, आणि जनरेटर सांभाळणारा एक पोरगा, ज्याला भागीदारी कायद्यात स्थान नव्हतं. पार्टीचं नाव मामांनी ठेवलं. दुसरं कुठलं ठेवणार? रंगाऱ्याकडून पाटी रंगवून घेतली: 'पोलीस बेंजो पार्टी. लग्नाच्या सुपाऱ्या स्वीकारल्या जातील.'

पाटी लागून तिसऱ्या दिवशी एक जमादार सायकल टेकवून उभे राहिले. पाटी त्यांनी दोनदा वाचली. रागावले नाहीत. उलट चहा घेतला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "पोरांनो, पोलीस सुपाऱ्या घेतात, असं बाजारपेठेत लिहिणं बरं दिसतं का? लोकांना आधीच संशय हाये."

पाटी उतरवली. पण रंगाऱ्याचे पैसे दिलेले. तोडगा असा निघाला की गाणाऱ्या पोराचे वडील त्यांच्या गावचे पोलीस पाटील. तेव्हा 'पोलीस' आणि 'बेंजो' यांच्या मधे, जागा नव्हती तरी, वर एक काकपद देऊन बारीक अक्षरात 'पाटील' घातलं. पोलीस पाटील बेंजो पार्टी! लोकांना वाटे सरकारी आहे. त्यामुळे आगाऊ रक्कम बुडायचं प्रमाण कमी झालं.

पाच वर्षं आम्ही यावल, फैजपूर, सावदा, रावेर, चोपडा एवढ्या टापूतली वऱ्हाडं नाचवली. भर एप्रिल-मेमध्ये, डांबर पायाला चिकटत असताना, नवरदेवाच्या घोड्यापुढे उलटं चालत वाजवायचं. ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. रात्री पंगतीत वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी मिळायची तिच्यासाठी मी आजही बेंजो गळ्यात अडकवायला तयार आहे. आमचं हुकमी गाणं एक अहिराणी गाणं होतं. शब्द गायकाचे. पण त्याच्या सुरुवातीला बेंजोचा जो तुकडा होता तो मी बसवला होता, आणि ठेका ड्रमवाल्याचा. तो ठेका सुरू झाला की म्हाताऱ्यासुद्धा पदर खोचत. लोक नोटा काढत, गायकाच्या डोक्यावरून ओवाळत आणि देत. त्याला धंद्यात बक्षिसी म्हणतात.

कॉमर्सचा म्हणून हिशेब माझ्याकडे. लाल कापडी बांधणीची वही होती. सुपारीच्या रकमेचे तीन समान भाग. त्यात वाद नव्हता. पण बक्षिसी? नोट गायकाच्या डोक्यावरून ओवाळलेली. मी ती त्याच्या नावावर जमा धरली. २००४ च्या लग्नसराईत अशी बक्षिसी झाली सहा हजार तीनशे. मोसम संपला, वही उघडली, आणि ड्रमवाल्यानं विचारलं, "काय भो, ठेका कोनाचा व्हता?"

गायक म्हणाला, "गानं कोनाचं व्हतं?"

मी बी. कॉम. होतो. भारतीय भागीदारी कायदा, १९३२, कलम १३ मला पाठ होतं. वेगळा करार नसेल तर भागीदारांचा नफा सारखा. परीक्षेत त्यावर मी पाच पैकी साडेचार मार्क मिळवले होते. ते कलम त्या क्षणी मोठ्यानं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "माझं काही म्हणणं नाही, तुम्ही आपसात ठरवा." माझेही एकवीसशे बुडत होते; पण भांडणात पडण्यापेक्षा ते बुडालेले बरे, असं मला वाटलं. बँकेत नंतर मी यालाच 'खातेदारांच्या सूचनेप्रमाणे' असं म्हणायला शिकलो.

त्यांनी आपसात ठरवलं नाही. ड्रमवाल्यानं काड्या हातगाडीवर ठेवल्या आणि आठवड्यानं सुरतेला निघून गेला, खानदेशातली निम्मी पोरं जातात तसा. तिथं त्याचं बरं चाललंय. गायकानं ठेका नसलेलं गाणं वर्षभर गाऊन पाहिलं, मग कृषी सेवा केंद्र काढलं. तो माझ्या काउंटरवर येतो, आम्ही बोलतो. ड्रमवाला गावी येतो, पण आमच्या गल्लीतून जात नाही. किल्ल्याच्या बाजूनं वळसा घालून जातो. वळसा चांगला अर्ध्या किलोमीटरचा आहे.

इकडे आम्ही बँक पकडली. काउंटर आलं, पासबुक छापायचं यंत्र आलं, पीकविम्याच्या रांगा आल्या. मधल्या काळात त्या विलायती पोलिसांचं काय झालं, तेही सांगून टाकतो. १९८३ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर सत्तरएक हजार लोकांसमोर गायलं, आणि स्टिंगनं पुढे सांगितलं की आता याहून वर जागा नाही, थांबावं, असं आपल्याला तिथंच वाटलं. त्याच वर्षीची त्यांची तबकडी वेस्ट इंडीजमधल्या माँटसेरात बेटावर तयार झाली. तिथं तिघे तीन खोल्यांत बसून वाजवत होते. ढोल जेवणघरात! कारण अर्थात ध्वनिमुद्रणाचं सांगतात. आमच्याकडे वाटण्या होण्याआधी चुली वेगळ्या होतात, त्यातलाच प्रकार. त्या तबकडीतलं मुख्य गाणं अमेरिकेत आठ आठवडे पहिल्या नंबरावर होतं. लोक ते प्रेमगीत समजून लग्नात लावतात. खरं म्हणजे तो माणूस सोडून गेलेल्या बाईवर पाळत ठेवत असतो. म्हणजे बँडचं नाव एवढ्या एका गाण्यात सार्थ झालं म्हणायचं. शब्द आणि चाल स्टिंगची. पण त्याखाली जी गिटार वाजते, जी ऐकली की गाणं ओळखू येतं, ती समर्सची. नाव मात्र एकट्या स्टिंगचं. १९९७ साली एका अमेरिकन गायकानं नेमका तो गिटारचा तुकडा उचलून आपलं गाणं केलं. ते जगभर गाजलं, आणि मानधन गेलं स्टिंगला.

मार्च १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियात दौरा संपला आणि बँडही संपला. कोणी नोटीस दिली नाही, विसर्जनपत्र नाही. १९८६ साली पुन्हा जमले, तर ढोलवाला घोड्यावरून पडून त्याच्या गळ्याचं हाड मोडलं, आणि एक जुनं गाणं नव्यानं करण्यावर भागलं. २००७-०८ साली मात्र खरंच एकत्र आले, जगभर दीडशेच्या आसपास कार्यक्रम केले, पैसा मोजायला माणसं कमी पडली असतील, आणि ऑगस्ट २००८ मध्ये न्यूयॉर्कला शेवटचा करून आपापल्या घरी गेले. तिघांनी तीन वेगवेगळी आत्मचरित्रं लिहिलीत. स्टिंगचं २००३ चं, समर्सचं २००६ चं, कोपलंडचं २००९ चं. स्टिंगच्या पुस्तकात बँडच्या भरभराटीचा काळ जवळजवळ नाहीच. मी तिन्ही चाळली. एकाच पेढीचे तीन भागीदार तीन ताळेबंद करतात आणि एकाचाही दुसऱ्याशी ताळा बसत नाही, हे मी नोकरीत पाहिलंय; पण प्रत्येक ताळेबंद वाचनीय असतो असं नाही.

गेल्या साली, २०२५ मध्ये, वर्तमानपत्रात एक बारीक बातमी आली. कोपलंड आणि समर्स यांनी रॉयल्टीच्या पैशासाठी स्टिंगवर लंडनच्या हायकोर्टात दावा लावला होता. रॉयल्टी! बी. कॉम.ला हा धडा आम्हाला होता. त्यात एक जमीनमालक, एक कोळशाची खाण, किमान भाडं, आणि तूट पुढच्या वर्षी वसूल करायची भानगड. पाच वर्षांचा तक्ता काढावा लागे. गाण्याचीही रॉयल्टी असते हे आमच्या प्राध्यापकांनी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर यावल तालुक्यातला एक वाद कोर्टाबाहेर मिटला असता.

बातमी घेऊन मी मामांकडे गेलो. मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. ऐकायला फार कमी येतं. मामी म्हणतात, ते त्या संध्याकाळीच गेलं, फक्त पंचेचाळीस वर्षांनी कळलं. मी बातमी ओरडून वाचून दाखवली. शेजारच्या दोन घरांनाही कळली.

"समर्स आता किती वर्षांचा?" मामांनी विचारलं.

"ब्याऐंशी."

"म्हणजे माझ्या बरोबरीचा." ते जरा वेळ गप्प बसले. "मग बोलतात का ते एकमेकांशी?"

"वकिलामार्फत."

"बोलतात ना," मामा म्हणाले.

मी घरी आलो. माळ्यावर वही होती. उंदरांनी कडेनं नाचणी केली होती, पण आकडे शाबूत. सहा हजार तीनशे, गायकाच्या नावे जमा, माझ्या अक्षरात, खाली माझी लफ्फेदार सही. त्या वयात मी सही करताना जेवढा जोर लावीत असे तेवढा बेंजोलाही लावला नव्हता. भागिले तीन, एकवीसशे. गायकाकडून मागावेत? काउंटरवर तो आला तेव्हा मी विषय काढला. तो पासबुकाकडे बघत म्हणाला, "वही तुनं लिव्हली व्हती. मी कुठी म्हनलं व्हतं माह्या नावावर टाक म्हनून?" मी आठवून पाहिलं. खरंच त्यानं म्हटलं नव्हतं. एकवीस वर्षं मी समजत होतो की भांडण त्या दोघांचं आहे.

ड्रमवाल्याचा नंबर त्याच्या भावाकडून मिळवला. फोन करायचा धीर झाला नाही. मोबाइलवरून एकवीसशे रुपये पाठवून दिले आणि शेरा लिहायच्या जागी लिहिलं: 'बक्षिसी, २००४.' माणसाच्या आयुष्यातलं अवघड पत्र एवढ्यात लिहून होतं, ही त्या सोयीची खरी किमया. पैसे गेल्याची खूण आली. मग काही नाही. दुसरा दिवस काही नाही. मला वाटलं परत पाठवील. त्या दोन दिवसांत मी काउंटरवर एका खातेदाराचे पैसे दुसऱ्याच्या नावावर टाकले, आणि साहेबांच्या खोलीत उभं राहून कारण सांगता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी, पीकविम्याची रांग दारापर्यंत गेलेली असताना, सुरतेहून उत्तर आलं. एकवीस वर्षांतलं पहिलं वाक्य.

"काय भो, व्याज कुठी हाये?"

मी रांग थांबवली. लोक काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. कॅल्क्युलेटर समोर होता. बचत खात्याला २००४ साली साडेतीन टक्के होते, २०११ पासून चार झाले, मग ज्या त्या बँकेनं आपापलं केलं. मी म्हटलं, माणूस इतक्या वर्षांनी बोलतोय, सरसकट चार धरू. एकवीसशे, दसादशे चार, एकवीस वर्षं. सरळव्याजानं सतराशे चौसष्ट. तेही पाठवले.

या वेळी उत्तर लगेच आलं.

"चक्रवाढ. वही पाहाले दिवाळीत येतो. त्याले बी बोलाव."

गायकाला निरोप दिला. तो म्हणाला, बी-बियाण्यांचा मोसम आहे, बघतो. मामींनी भरताची वांगी सांगून ठेवली आहेत. मामांना सगळं ओरडून सांगितलं, त्यांनी टेप दुरुस्तीला द्यायला लावला. दुरुस्त करणारा म्हणतो, पट्टा मिळत नाही. चक्रवाढीचं गणितही अजून अडलेलं आहे. व्याज तिमाही धरायचं की सहामाही, हे त्याला विचारायचं राहिलंय.